मसुद्यावर हरकत कशी नोंदवावी: नाशिककरांसाठी मार्गदर्शन

सिंहस्थ जवळ आला की नाशिकमध्ये जाहीर सूचनांची संख्या वाढते. कुठे रस्ता रुंद करायचा असतो, कुठे एखाद्या भूखंडावरील आरक्षण बदलायचे असते, कुठे झाडे काढायची असतात. अशा बहुतेक कामांपूर्वी कोणत्या ना कोणत्या कायद्यानुसार शासनाला किंवा महापालिकेला लोकांकडून हरकती व सूचना मागवाव्या लागतात. ही सूचना वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, निविदांच्या शेजारी, बारीक टायपात छापली जाते आणि अनेकांच्या लक्षात येते ती मुदत उलटून गेल्यावर. मुदतीत पोहोचणाऱ्या हरकतींपैकीही बऱ्याच 'आमचा या प्रस्तावास तीव्र विरोध आहे' एवढ्या एका वाक्याच्या असतात आणि अशा वाक्याला 'मान्य करता येत नाही' एवढ्या एका ओळीच्या अभिप्रायाने निकाली काढता येते.

हरकत हा शासकीय अभिलेखात दाखल होणारा कागद आहे. तिचा विचार करणे कायद्याने बंधनकारक केलेले असते, तेथे अधिकाऱ्याला तिच्यातील कोणताही मुद्दा टाळणे अवघड जाईल अशा रीतीने ती लिहिता येते, आणि त्याने उत्तर दिले नाही तर ती त्रुटी पुढे न्यायालयात दाखवता येते. त्यासाठी वकील लागत नाही. मूळ सूचना नीट वाचण्याची तयारी, थोडा वेळ आणि मुद्द्याला धरून लिहिण्याची शिस्त एवढे पुरते.

आधी कागद ओळखावा

सरकारी कार्यालयातून निघणाऱ्या प्रत्येक कागदावर हरकत घेता येत नाही, म्हणून पहिला प्रश्न हा की आपल्यासमोर मसुदा आहे की अंतिम आदेश, आणि तो कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली काढलेला आहे. उत्तर सूचनेच्या पहिल्या परिच्छेदातच असते. 'ज्याअर्थी… त्याअर्थी…' या जड भाषेमागे अधिकाराचे मूळ लिहिलेले असते. ते कलम वहीत उतरवून घ्यावे आणि मूळ कायदा उघडून वाचावा.

मूळ कायद्यात 'पूर्वप्रसिद्धीच्या शर्तीस अधीन राहून' नियम करावेत असे म्हटले असेल, तर केंद्रीय कायद्यांच्या बाबतीत सर्वसाधारण वाक्खंड अधिनियम, १८९७ चे कलम २३ लागू होते. या कलमानुसार मसुदा प्रसिद्ध करावा लागतो, त्याचा विचार कोणत्या तारखेला किंवा त्यानंतर केला जाईल ते सांगावे लागते आणि त्या तारखेपूर्वी आलेल्या हरकती व सूचना विचारात घ्याव्या लागतात. राज्याच्या कायद्यांसाठी १९०४ चा स्वतंत्र अधिनियम आहे. मात्र याच कलम २३ मध्ये एक अडचणीची तरतूदही आहे: नियम पूर्वप्रसिद्धीनंतर केला असे म्हणून तो राजपत्रात छापला गेला की तो रीतसर केला गेल्याचा तो निर्णायक पुरावा मानला जातो. प्रक्रियेतील त्रुटी अंतिम प्रसिद्धीनंतर उकरून काढणे त्यामुळे अवघड होते, आणि मसुद्याच्या टप्प्यावरच बोलण्याचे महत्त्व वाढते.

नाशिक शहरातल्या नागरिकाचा सर्वाधिक संबंध येतो तो महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ शी. विकास योजनेचा मसुदा कलम २६ खाली प्रसिद्ध होतो आणि त्यावर ३० दिवसांत हरकती घेता येतात. मंजूर योजनेतील फेरबदल कलम ३७ खाली होतो आणि त्यासाठी एक महिन्याची मुदत असते. झाडांसाठी महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ आहे. पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ खालील पर्यावरण-संवेदनशील क्षेत्राच्या मसुद्यावर राजपत्राच्या प्रती लोकांना उपलब्ध झाल्यापासून ६० दिवस मिळतात. मोठ्या प्रकल्पांच्या पर्यावरण मंजुरीपूर्वी १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेनुसार जनसुनावणी घ्यावी लागते. वीजदरांसाठी विद्युत अधिनियम, २००३ नुसार महावितरणची याचिका महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगासमोर जाते आणि आयोगाला लोकांच्या हरकती विचारात घेऊन १२० दिवसांत आदेश काढायचा असतो. आयोगाच्या अशा सुनावण्या नाशिकमध्येही झालेल्या आहेत.

याउलट शासन निर्णय आणि परिपत्रक ही कार्यकारी अधिकारातून निघतात. त्यांच्यासाठी हरकती मागवण्याचे बंधन सर्वसाधारणपणे नसते. ज्या बाबतीत नियम आहे त्या बाबतीत शासन निर्णयाने नियमाला छेद देता येत नाही, हा मुद्दा मात्र हाताशी ठेवावा. तो फार उपयोगाचा आहे.

कांद्याचे उदाहरण आपल्या जिल्ह्यात कोणाला नव्याने सांगायला नको. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लागले, तेव्हा जिल्ह्यातील बाजार समित्यांमध्ये लिलाव बंद पडले. डिसेंबर २०२३ मध्ये तर निर्यातच बंद झाली. यापैकी कोणत्याही निर्णयाचा मसुदा लासलगावच्या शेतकऱ्याला आधी वाचायला मिळाला नव्हता, कारण सीमाशुल्क आणि विदेश व्यापाराच्या कायद्यांत तसे बंधनच नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने तुलसीपूर शुगर कंपनीच्या १९८० च्या निकालात सांगितले आहे की कायदेनिर्मितीच्या स्वरूपाच्या कृतीला नैसर्गिक न्यायाची तत्त्वे आपोआप लागू होत नाहीत. ऐकून घेण्याचे बंधन मूळ कायद्यात लिहिलेले असावे लागते. पुढे २०२५ च्या सुरुवातीला विदेश व्यापार धोरणात संबंधितांशी सल्लामसलत करण्याची तरतूद घालण्यात आली, पण तातडीच्या वेळी सरकारला थेट निर्णय घेण्याची मोकळीक ठेवूनच. साठेबाजी होऊ नये म्हणून आधी बोभाटा न करता काही निर्णय घ्यावे लागतात, हा सरकारचा युक्तिवाद निराधार नाही. तरीही निर्णय लागू झाल्यानंतर ठरावीक काळात हरकती मागवून त्याचा फेरविचार करण्याचे बंधन घालता येईल, आणि तशी मागणी शेतकरी संघटनांनी कलमाच्या भाषेत मांडायला हवी, असे मला वाटते.

सूचना कोठे सापडते आणि मुदत कशी मोजावी

वर्तमानपत्रातील सूचना हा सारांश असतो. पूर्ण मजकूर राजपत्रात असतो, आणि नगररचनेच्या बहुसंख्य सूचना महाराष्ट्र शासन राजपत्राच्या भाग एकच्या नाशिक विभागीय पुरवणीत येतात. राज्याच्या अधिनियमांखालील नियमांचे मसुदे बहुधा भाग चार-ब मध्ये सापडतात. दोन्ही संकेतस्थळावर मिळतात. महापालिकेच्या फेरबदलाचा नकाशा मात्र प्रत्यक्ष पाहावा. शरणपूर रस्त्यावरील राजीव गांधी भवनात नगररचना विभागात तो पाहण्यासाठी ठेवलेला असतो आणि तो कोठे, कोणत्या वेळेत पाहायला मिळेल हे सूचनेतच लिहिलेले असते. नकाशावर आपला गट क्रमांक, शेजारचा रस्ता आणि आरक्षणाचा क्रमांक जुळतो का, ते स्वतःच्या डोळ्यांनी तपासल्याशिवाय एक ओळही लिहू नये.

मुदत मोजताना ती राजपत्राच्या तारखेपासून आहे की वर्तमानपत्रातील प्रसिद्धीपासून, हे नीट पाहावे. शेवटच्या दिवशी सुट्टी आली तर पुढचा कामाचा दिवस धरता येतो, असे कायदा सांगतो, पण त्या आधारावर विसंबून राहण्यात शहाणपण नाही. निदान तीन-चार दिवस आधी हरकत दाखल व्हावी.

भाषेचा प्रश्नही येथेच उद्भवतो. केंद्राचे मसुदे इंग्रजी आणि हिंदीत निघतात, आणि सुरगाणा किंवा पेठ तालुक्यातल्या गावात ते वाचले जाणे दुरापास्त असते. २०२० मध्ये पर्यावरण आघात मूल्यांकनाच्या नव्या अधिसूचनेचा मसुदा निघाला, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने ३० जून २०२० च्या आदेशाने हरकतींची मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढवली आणि राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषांमध्ये मसुद्याचे भाषांतर करण्यास सांगितले. त्यामुळे भाषांतर उपलब्ध नाही हा मुद्दा पहिल्याच आठवड्यात, वेगळ्या पत्राने, मुदतवाढीच्या मागणीसह लेखी मांडावा; मुख्य हरकतीच्या शेवटी तो टाकला तर त्याचा काही उपयोग होत नाही.

पार्श्वभूमीची कागदपत्रे

प्रस्ताव कोठून आला हे कळल्याशिवाय चांगली हरकत लिहिता येत नाही. फेरबदलाच्या मागे महासभेचा ठराव असतो, प्रशासनाचा प्रस्ताव असतो, कधी एखाद्या जागामालकाचा अर्ज असतो, कधी शासनाचे निर्देश असतात. ही कागदपत्रे मिळवण्यासाठी माहिती अधिकार अधिनियम, २००५ खाली अर्ज करता येतो: १० रुपयांचे शुल्क, राज्यात एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत. अडचण अशी की माहिती देण्याची मुदत ३० दिवसांची आणि हरकतीची मुदतही जवळपास तेवढीच. म्हणून अर्जात प्रतींसोबत अभिलेख प्रत्यक्ष पाहण्याची मागणी करावी, आणि त्याच दिवशी संबंधित विभागप्रमुखांना साधे पत्र देऊन कलम ४(१)(ग) चा हवाला द्यावा. महत्त्वाची धोरणे ठरवताना आणि लोकांवर परिणाम करणारे निर्णय जाहीर करताना सर्व संबंधित वस्तुस्थिती प्रसिद्ध करावी, असे हे कलम प्रशासनाला सांगते. माहिती वेळेत मिळाली नाही, तर तेही हरकतीत तारखेसह नोंदवावे.

केंद्र सरकारच्या मसुद्यांबाबत २०१४ चे विधिपूर्व सल्लामसलत धोरण आहे. मसुदा निदान ३० दिवस लोकांसमोर ठेवावा आणि त्यासोबत सोप्या भाषेत स्पष्टीकरण द्यावे, असे ते म्हणते. ते कायद्याने बंधनकारक नाही. तरी एखाद्या मंत्रालयाने दहा-पंधरा दिवसांचीच मुदत दिली असेल, तर या धोरणाचा उल्लेख करून मुदतवाढ मागणे योग्य ठरते.

हरकत लिहिताना

प्रशासन हरकतींचा एक तक्ता तयार करते: अनुक्रमांक, हरकतदाराचे नाव, हरकतीचा थोडक्यात आशय, कार्यालयाचा अभिप्राय. आपली चार पानांची हरकत त्या तिसऱ्या रकान्यात दोन ओळींची होऊन बसते. म्हणून ती आपणच मुद्देसूद आणि क्रमांकवार लिहावी, म्हणजे आशय काढणाऱ्या लिपिकाला मुद्दा गाळणे अवघड जाते. प्रत्येक मुद्द्यात तीन गोष्टी असाव्यात. मसुद्यातील नेमकी तरतूद, तिच्यावरील आक्षेपाचे कारण पुराव्यासह, आणि त्याऐवजी काय हवे.

समजा, एका उपनगरातील भूखंडावर विकास योजनेत उद्यानाचे आरक्षण आहे आणि ते वगळून भूखंड वाणिज्य विभागात घेण्याचा फेरबदल कलम ३७ खाली प्रस्तावित आहे. 'उद्यान रद्द करून बिल्डरचे हित साधले जात आहे, हा नागरिकांवर अन्याय आहे' असे लिहिले तर ते मनापासूनचे असेल, खरेही असेल, पण अधिकाऱ्याला त्यावर उत्तर देण्याजोगे काहीच सापडणार नाही. तीच हरकत पुढीलप्रमाणे लिहिता येईल:

'सूचनेच्या अनुसूचीतील अनुक्रमांक ३ येथील उद्यानाचे आरक्षण वगळण्यास माझी हरकत आहे. (१) आरक्षण वगळण्याचे कारण जागा अद्याप संपादित झालेली नाही एवढेच दिलेले आहे. संपादन प्रलंबित असणे हे नियोजन प्राधिकरणाच्या कार्यवाहीशी संबंधित आहे. त्यावरून उद्यानाची गरज संपली असे दिसून येत नाही. (२) हे आरक्षण वगळल्यावर या विभागात उद्याने व क्रीडांगणे यांसाठी एकूण किती क्षेत्र शिल्लक राहील, याचा तपशील प्रस्तावासोबत नाही. तो प्रसिद्ध करून हरकतींसाठी पुन्हा मुदत द्यावी. (३) कलम ३७ नुसार फेरबदल विकास योजनेचे स्वरूप न बदलणारा असावा लागतो. विभागातील हे सर्वात मोठे उद्यान वगळल्याने योजनेचे स्वरूप बदलत नाही, असा निष्कर्ष कोणत्या आधारे काढला, याबाबत स्वयंस्पष्ट अभिप्राय नोंदवावा. (४) वरील मुद्दे मान्य न झाल्यास, आरक्षण पूर्णतः वगळण्याऐवजी समावेशक आरक्षणाच्या तत्त्वानुसार (मालकाने आरक्षित भाग विकसित करून द्यायचा आणि उरलेली जागा स्वतः वापरायची) जागेचा मोठा भाग उद्यानासाठी विकसित करून घेण्याचा पर्याय विचारात घ्यावा. मला सुनावणीची संधी द्यावी.'

यातील दुसऱ्या मुद्द्यासाठी हरकतदाराने विकास योजनेचा अहवाल चाळलेला असतो, आणि तिसऱ्यासाठी विभागातील इतर उद्यानांची क्षेत्रफळे नकाशावरून काढून 'सर्वात मोठे' हा शब्द खरा असल्याची खात्री केलेली असते. हरकतीतील एक विधान चुकीचे निघाले तर उरलेल्या तीन मुद्द्यांचीही किंमत कमी होते. आरोप टाळावेत. कोणाचे हितसंबंध गुंतले आहेत याचा पुरावा हाताशी असेल तर तो वेगळ्या तक्रारीत, योग्य यंत्रणेकडे द्यावा.

चौथा, पर्यायाचा मुद्दा लिहायला अनेक कार्यकर्ते तयार नसतात; पर्याय सुचवला म्हणजे आपण माघार घेतली, अशी त्यांची भावना असते. ही भावना मी समजू शकतो, परंतु ती नुकसान करते. 'मुख्य मागणी मान्य न झाल्यास' अशी स्पष्ट शब्दयोजना केली की मूळ भूमिका शाबूत राहते, आणि निर्णय घेणाऱ्याने कमी हानीचा मार्ग का नाकारला, हा प्रश्न कागदावर उभा राहतो.

जागामालकाची बाजूही विसरू नये. कित्येकांच्या जमिनींवर वर्षानुवर्षे आरक्षणाचा शिक्का असतो. मोबदला मिळत नाही आणि बांधकामही करता येत नाही. म्हणूनच योजना अमलात आल्यापासून १० वर्षांत संपादन झाले नाही तर मालकाला कलम १२७ खाली सूचना देता येते आणि त्यानंतर २४ महिन्यांत योग्य ती पावले उचलली गेली नाहीत तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते. उद्यान वाचवू पाहणाऱ्याने आपल्या हरकतीत मालकाला मोबदला किंवा हस्तांतरणीय विकास हक्क (जागेच्या बदल्यात मिळणारा, इतरत्र वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) कसा देता येईल हे लिहिले, तर ती हरकत अधिक न्याय्य होते आणि अधिक टिकाऊही. मखमलाबाद परिसरातील नगररचना योजनेच्या वेळी शेतकऱ्यांनी घेतलेल्या हरकतींमागे हाच प्रश्न होता: शहराच्या नियोजनाची किंमत कोणी मोजायची.

झाडांच्या सूचनेवरील हरकत प्रत्यक्ष जागेवर जाऊन लिहावी. यादीतील प्रत्येक झाडाची जात, छातीच्या उंचीवरील घेर आणि वय पडताळून पाहावे, छायाचित्र घ्यावे, झाडावर नोटीस लावली आहे का ते बघावे. कायद्यात २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर ५० वर्षे किंवा त्याहून अधिक वयाचे झाड वारसा वृक्ष मानले जाते आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडे लावणे अपेक्षित असते, त्यामुळे वयाच्या रकान्यातील आकडा हा निर्णयाचा गाभा असतो. वडाच्या भरभक्कम खोडापुढे 'वय: २० वर्षे' असे लिहिलेले आढळले, तर तो एकच मुद्दा छायाचित्र आणि मोजमापासह मांडावा, पर्यावरणाच्या महत्त्वावरील दोन पानांपेक्षा तो वजनदार ठरतो. तपोवनात साधुग्रामासाठी झाडे काढण्याच्या प्रस्तावावर २०२५ च्या अखेरीस नाशिककरांनी मोठ्या संख्येने हरकती नोंदवल्या आणि प्रश्न राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेला. लोक जागे झाले तर काय होऊ शकते, हे त्या वेळी शहराने पाहिले.

संख्येबद्दल मतभेद आहेत. एकाच मजकुराच्या हजार प्रतींवर सह्या घेऊन त्या दाखल करण्याची पद्धत आपल्याकडे रूढ आहे. लोकभावना दिसावी म्हणून ती ठीक आहे, आणि लोकप्रतिनिधींवर तिचा परिणाम होतोही. पण हरकती म्हणजे मतदान नव्हे. तक्त्यात त्या हजार प्रती 'समान आशयाच्या' म्हणून एका ओळीत येतात. त्याऐवजी दहा जणांनी दहा वेगळे मुद्दे घ्यावेत: शाळेजवळच्या रहिवाशाने वाहतुकीबद्दल, नाल्याकाठच्याने पुराच्या पाण्याबद्दल, दुकानदाराने रोजगाराबद्दल. प्रत्येकाला आपल्या अनुभवातले लिहिता येते आणि प्रशासनाला दहा उत्तरे द्यावी लागतात.

हरकत घेणारा नेहमी नियमनाचा समर्थकच असतो असे नाही. सातपूर-अंबडमधील लघुउद्योजकाला नव्या नियमाचा मसुदा जाचक वाटत असेल, तर त्यानेही हीच वाट धरावी. 'उद्योग बंद पडतील' असे लिहिण्याऐवजी आपल्या कारखान्यात या तरतुदीच्या पालनासाठी कोणते यंत्र, किती मनुष्यबळ आणि किती खर्च लागेल याचा हिशेब द्यावा, तोच उद्देश साधणारी कमी खर्चाची पद्धत सुचवावी आणि लहान घटकांसाठी वाढीव मुदत मागावी. अपराधांची तीव्रता कमी करून दंडावर भागवण्याकडे कायद्याचा कल वाढतो आहे. २०२३ च्या जनविश्वास अधिनियमाने ४२ केंद्रीय कायद्यांत तसे बदल केले. हा कल कोठवर न्यावा, याविषयी कामगार, रहिवासी आणि उद्योजक यांची मते वेगळी असणारच, आणि ती एकाच अभिलेखात समोरासमोर यावीत यासाठीच मसुदा प्रसिद्ध होतो.

दाखल करणे आणि सुनावणी

हरकत दोन प्रतींत न्यावी, आवक-जावक कक्षात द्यावी आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांक घ्यावा. 'ठेवून जा, शिक्का नंतर मारतो' असे सांगितले गेले तर नम्रपणे थांबावे. ही पोच नसेल तर पुढच्या कोणत्याही टप्प्यावर आपण हरकत घेतलीच नव्हती असे म्हणायला वाव राहतो. सूचनेत ई-मेलचा पत्ता असेल तर तोच मजकूर तेथेही पाठवावा, आणि बाहेरगावचे कार्यालय असेल तर स्पीड पोस्टाने. पत्त्यावर सूचनेत नमूद केलेल्याच अधिकाऱ्याचे पदनाम हवे. मंत्र्यांना किंवा आमदारांना दिलेले निवेदन ही कायद्यातील हरकत ठरत नाही.

कलम ३७ मध्ये हरकत कोणीही घेऊ शकतो, परंतु ज्यांच्यावर फेरबदलाचा परिणाम होतो त्यांना स्वतंत्र नोटीस आणि सुनावणी देणे प्राधिकरणावर बंधनकारक आहे. म्हणून आपण बाधित कसे आहोत, हे पहिल्याच परिच्छेदात लिहावे. विकास योजनेच्या मसुद्यावरील हरकती नियोजन समितीसमोर जातात. तिच्यात स्थायी समितीचे तीन सदस्य आणि शासनाने नेमलेले जास्तीत जास्त चार जाणकार असतात.

सुनावणीत बोलायला क्वचितच पाच-सात मिनिटांहून अधिक वेळ मिळतो. लिहिलेली हरकत वाचून दाखवण्यात तो घालवू नये. सर्वात बळकट मुद्दा आधी मांडावा, नकाशावर बोट ठेवून दाखवावा आणि लेखी युक्तिवादाची एक प्रत देऊन तिचीही पोच घ्यावी. इतिवृत्तात आपले म्हणणे कसे नोंदवले गेले, ते विचारावे. पर्यावरण मंजुरीच्या जनसुनावणीत तर ही हक्काची बाब आहे: कार्यवाहीचा गोषवारा स्थानिक भाषेत उपस्थितांना वाचून दाखवायचा असतो आणि त्यानंतर त्यावर जिल्हाधिकारी किंवा त्यांच्या प्रतिनिधीची सही होते. लोक घोषणा देऊन सभागृहाबाहेर पडतात आणि हा वाचनाचा टप्पा रिकाम्या खुर्च्यांसमोर पार पडतो. तेव्हा शेवटपर्यंत बसावे आणि चुकीची नोंद तेथेच दुरुस्त करून घ्यावी.

सुनावणी एकाने घ्यायची आणि निर्णय दुसऱ्याने द्यायचा, यावर सर्वोच्च न्यायालयाने गुल्लापल्ली नागेश्वर राव प्रकरणात १९५८ मध्येच आक्षेप घेतला आहे. प्रत्यक्षात मोठ्या यंत्रणेत अहवाल वर जातो आणि सही दुसऱ्याची होते. म्हणून सुनावणी घेणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव, पदनाम आणि तारीख टिपून ठेवावी.

निर्णयानंतर

अंतिम अधिसूचना निघाली की मसुदा आणि अंतिम मजकूर शेजारी ठेवून कलमवार ताडून पाहावे. मसुद्यात मुळीच नसलेला मोठा बदल अंतिम मजकुरात आला असेल, तर त्यावर लोकांना बोलण्याची संधीच मिळाली नाही, हा स्वतंत्र आणि गंभीर मुद्दा आहे. त्यानंतर हरकतींचा अभिप्रायासह तक्ता, सुनावणीचे इतिवृत्त आणि नस्तीतील टिपण्या माहिती अधिकारात मागवाव्यात. बाधित व्यक्तीला निर्णयाची कारणे द्यावीत असे कलम ४(१)(घ) सांगते. माहिती नाकारली गेली तर ३० दिवसांत पहिले अपील करावे. त्यापुढे राज्य माहिती आयोगाचे खंडपीठ नाशिकलाच आहे.

कारणांचा तपास एवढ्यासाठी की मोहिंदर सिंग गिल प्रकरणात १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घालून दिलेल्या तत्त्वानुसार वैधानिक आदेशाची वैधता त्यातच दिलेल्या कारणांवरून तपासली जाते. पुढे प्रतिज्ञापत्रात नवी कारणे जोडून तो आदेश वाचवता येत नाही. हरकतींचा विचार म्हणजे काय, हे २००५ च्या दारियस शापूर चेनाई निकालात भूसंपादनाच्या संदर्भात स्पष्ट झाले: हरकतींचा विचार हा निव्वळ उपचार ठरता कामा नये, निर्णयात विचारपूर्वकता दिसली पाहिजे. नियमांच्या बाबतीत २०१६ चा दूरसंचार नियामक प्राधिकरणाविरुद्धचा निकाल वाचण्याजोगा आहे. कॉल तुटल्यास ग्राहकाला प्रत्येक वेळी एक रुपया, दिवसाला कमाल तीन वेळा, अशी भरपाई देण्याचा तो नियम होता. तो करण्यापूर्वी सल्लामसलत झाली होती, तरीही तो मनमानी आणि अपारदर्शक ठरवून रद्द करण्यात आला, आणि दुय्यम नियम करताना लोकांचे म्हणणे ऐकण्याची सर्वसाधारण पद्धत घालून देणारा कायदा संसदेने करावा, असे न्यायालयाने सुचवले. असा कायदा अजून झालेला नाही. माझ्या मते या विषयातील ही सर्वात मोठी उणीव आहे. आज प्रत्येक कायद्यात मुदत वेगळी, पद्धत वेगळी, आणि हरकतीला लेखी उत्तर देण्याचे बंधन बहुतेक ठिकाणी नाहीच.

या सगळ्यामुळे कामे रखडतात, असा आक्षेप अधिकारी खासगीत आणि उद्योजक जाहीरपणे घेतात. पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राचा पहिला मसुदा १० मार्च २०१४ रोजी निघाला आणि सहावा ३१ जुलै २०२४ रोजी. इतक्या वर्षांत एकदाही अंतिम निर्णय न होणे हे ना जंगलाच्या हिताचे, ना तेथील गावकऱ्यांच्या. पण या विलंबाचे कारण लोकांनी हरकती घेतल्या हे नसून त्यांच्यावर निर्णय देण्याचे टाळले गेले हे आहे, आणि त्यावरचा उपाय हरकतींची मुदत कापणे हा नसून उत्तर देण्याची मुदत बांधून घालणे हा आहे.

न्यायालयात जायचेच झाले तर नाशिक जिल्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या मुंबई येथील मुख्य पीठाच्या कक्षेत येतो. पर्यावरणविषयक अनेक बाबींसाठी पुण्यातील राष्ट्रीय हरित लवादाचे पश्चिम विभागीय पीठ आहे आणि तेथे अपिलाची मुदत मुळात ३० दिवसांची, सबळ कारण असल्यास आणखी ६० दिवसांपर्यंत वाढू शकणारी आहे. उच्च न्यायालयात रिट याचिकेला ठरावीक मुदत नसली तरी अकारण उशीर झाला तर न्यायालय दाद देण्यास नकार देऊ शकते, विशेषतः दरम्यान बांधकाम उभे राहिले असेल तर. त्यामुळे वकिलाकडे जाताना राजपत्रातील मसुदा, नकाशाची प्रत, शिक्का असलेली हरकत, सुनावणीची नोटीस, लेखी युक्तिवाद, अंतिम अधिसूचना आणि माहिती अधिकारात मिळालेला अभिप्रायाचा तक्ता हा संच तारखेच्या क्रमाने लावून न्यावा. यातील तक्ता मिळण्यास सर्वाधिक वेळ लागतो, म्हणून त्याचा अर्ज अंतिम अधिसूचना निघाल्याच्या पहिल्याच आठवड्यात करावा.